'पुट अप' आणि 'पुट अप विथ' यांचा संबंध काय?

प्रश्न असा: इंग्रजीत 'पुट अप' म्हणजे उभारणे, तर 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे कसे? आणि 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, तर 'पुट इट ऑफ' म्हणायचे की 'पुट ऑफ इट'?

दुसरे आधी घेऊ, कारण तिथे नियम पक्का आहे. कर्म नाम असेल तर ते दोन्ही जागी चालते: 'पुट ऑफ द मीटिंग', 'पुट द मीटिंग ऑफ'. सर्वनाम असेल तर मात्र मध्येच: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' सरळ चूक. पुढे क्रियापद आले तर 'पुट ऑफ गोइंग'; 'पुट ऑफ टु गो' नव्हे. 'पुट अप विथ'ची तिन्ही पदे मात्र फुटत नाहीत, म्हणून तिथे सर्वनामही शेवटीच येते: 'पुट अप विथ इट'.

आता अर्थ. 'पुट' म्हणजे ठेवणे, एवढेच धरून बसले की गाडी अडते. आधी कर्म पाहावे. 'पुट अप'पुढे तंबू आला तर उभारणे, पोस्टर आले तर लावणे, भाडे आले तर वाढवणे, पाहुणा आला तर त्याच्या मुक्कामाची सोय करणे. 'विथ' जोडले की तो निराळाच शब्द समजावा. 'पुट अप'च्या अर्थांवरून त्याचा अर्थ लावता येत नाही. 'सहन करणे'पेक्षा 'खपवून घेणे' किंवा 'चालवून घेणे' त्याला जवळचे: शेजाऱ्यांचा गोंगाट, कुणाचा तिरसटपणा. कुरकुरत सोसण्याची छटा त्यात असते.

'पुट डाउन' जरा जपून वापरावे. बंड मोडून काढणे, माणसाला टाकून बोलणे, नाव टिपून घेणे, हे सगळे त्यात येते. कडेवरच्या कुत्र्याला खाली ठेवायला सांगतानाही 'पुट द डॉग डाउन' म्हणतात आणि आजारी कुत्र्याला इंजेक्शन देऊन मरण देण्यालाही. संदर्भ नसेल तर ऐकणारा दचकेल.

मराठी माणसाची हमखास चूक होते ती 'पुट ऑन'मध्ये. आपले 'घालणे' क्रियेलाही चालते आणि स्थितीलाही. इंग्रजीत चष्मा डोळ्यांवर चढवण्याची क्रिया म्हणजे 'पुट ऑन', तो डोळ्यांवर असणे म्हणजे 'वेअर'. 'ही इज पुटिंग ऑन ग्लासेस' म्हणजे तो आत्ता चष्मा चढवतो आहे. वजन वाढणे आणि खोटा आव आणणे यांनाही 'पुट ऑन'च.

उच्चारात आघात सहसा मागच्या पदावर येतो: 'पुट डाउन'मध्ये 'डाउन'वर. तेच नाम झाले, म्हणजे 'पाणउतारा' या अर्थी आले, की तो 'पुट'वर सरकतो आणि लिहिताना मध्ये जोडरेघ येते. 'ऑफ-पुटिंग' या विशेषणात तर क्रमच उलटतो. अर्थ, मन विटवणारे. गोल्फमधल्या 'पटिंग'चे (चेंडू हलकेच खळग्याकडे टोलवण्याचे) स्पेलिंगही 'पुटिंग'सारखेच आहे, तेव्हा वाचताना विषय पाहूनच उच्चार करावा.