जुन्या बोटीला स्पीड कंट्रोल, की पावसाळ्याची बेगमी?

मुक्ताईनगर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांची फायबरची बोट चालते. बोट बारा वर्षांची, मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन. एका विक्रेत्यानं त्यांना जीपीएसवर चालणारं स्पीड कंट्रोल दाखवलं आहे. बसवून १,६०,००० रुपये. एकदा वेग ठरवून दिला की यंत्र स्वतः रेस कमी-जास्त करतं, त्यामुळे २० टक्के पेट्रोल वाचतं आणि बोटीमागे रबरी ट्यूब ओढायची राइडही सुरू करता येते, असं त्याचं म्हणणं. पैशासाठी दोन वाटा आहेत. २,००,००० ची मुदत ठेव पुढच्या महिन्यात मोकळी होते आहे, ती वापरायची. नाहीतर घरातल्या सोन्यावर १२ टक्क्यांनी कर्ज काढायचं. “काय करू?” असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, तुम्ही वर्षाचे आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत. भाड्याची जमा ७,२०,०००. पेट्रोल ३,४०,०००, म्हणजे सुमारे ३,२५० लिटर. पोऱ्याचा पगार, ऑइल, दुरुस्ती, परवाना मिळून १,५०,०००. हातात उरले २,३०,०००. दीड एकर केळी आहे, पण तिचा भाव कधी लागतो, कधी लागत नाही. ती मी हिशेबात धरलेली नाही. घरखर्च महिन्याला २२,०००.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. “हल्ली एका जागी हात धरला तरी रेस आपोआप वर-खाली होते, म्हणून हे यंत्र घ्यावंसं वाटतं.” आणि त्याच्या वरच्या परिच्छेदात आहे की मिस्त्रीनं कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) खोलून साफ करणं, थ्रॉटलची, म्हणजे रेसची, केबल बदलणं आणि बोटीचा पंखा (प्रोपेलर) दुरुस्त करणं याचे १८,००० सांगितले होते, ते तुम्ही पुढच्या हंगामावर ढकललं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन वाक्यांत आहे.

हे यंत्र काय करतं ते आधी पाहू. त्याची खरी गरज निर्माण झाली वॉटर-स्कीच्या, म्हणजे बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरत जायच्या, स्पर्धांमध्ये. तिथं बोटीला २५९ मीटरची सरळ रेघ ताशी ५८ किलोमीटरनं, म्हणजे सोळा सेकंदांत, काटेकोर एकाच वेगानं पार करावी लागते. मागचा खेळाडू वळणावर दोरीला हिसका देतो, बोट क्षणभर मंदावते, आणि ती कसर चालकाच्या हातानं इतक्या झटपट भरून निघत नाही. म्हणून एक छोटी मोटर थ्रॉटलला जोडतात. जीपीएस सेकंदाला अनेकदा वेग मोजतं आणि मोटर तेवढी रेस सोडते किंवा ओढते. त्या कामासाठी यंत्र उत्तम आहे, यात शंका नाही.

पण मोटर शेवटी तुमचंच थ्रॉटल ओढणार. आत केबल अडकत असेल, कार्ब्युरेटरचं छिद्र अर्धं चोंदलेलं असेल, तर मोटर ओढेल, इंजिन उशिरा ऐकेल, मग जास्त ऐकेल, आणि रेस आजच्यापेक्षा जास्त हेलकावे खाईल. आपल्याकडे केळीच्या बागेत हे रोज दिसतं. जुनी ठिबक जागोजाग गळत असते, नळ्या क्षारांनी चोंदलेल्या असतात, आणि शेतकरी वर ऑटोमेशनचा पॅनल बसवतो. व्हॉल्व्ह अगदी वेळेवर उघडतो, पण कडेच्या झाडाला पाणी पोचतच नाही.

आता पेट्रोल. वेग एकसारखा ठेवल्यानं थोडी बचत होते, पण मोठी बचत होते योग्य वेग निवडल्यानं, आणि तो निवडायला यंत्र लागत नाही. तुमच्यासारख्या बोटीचा सगळ्यात खर्चिक वेग मधला असतो. नाक आभाळाकडे, मागची बाजू पाण्यात रुतलेली, मागे मोठी लाट. तिथं इंजिन पाण्याचा डोंगर ढकलत असतं. एकतर त्याच्याखाली निवांत चालवा, नाहीतर बोट पाण्यावर सपाट बसेपर्यंत रेस द्या आणि मग ती थोडी मागे घ्या. संगमावर सावकाश दर्शन घडवताना पहिला वेग पुरतो. मोबाइलमधलं जीपीएस वेग फुकट दाखवतं. तो वेग सापडला की थ्रॉटलच्या दांड्याशेजारी नेलपॉलिशचा एक ठिपका लावा. एका घाटावर मी असा लाल ठिपका पाहिला होता, दांड्याच्या तळाशी, अंगठ्यानं घासून निम्मा पुसट झालेला. तो नावाडी बोलता बोलता, खाली न बघता, दांडा बरोबर तिथं आणून ठेवत होता.

या शिस्तीनं १० टक्के जरी वाचलं तरी वर्षाला ३४,००० होतात, आणि त्यासाठी दमडी लागत नाही. हात शिस्तीत आल्यावर त्याच्या वर यंत्र आणखी किती वाचवेल? मी उदार होऊन ३ टक्के धरतो. म्हणजे १०,२०० रुपये. आणि १,६०,००० ठेवीतून काढले तर ७ टक्क्यांनी वर्षाला ११,२०० चं व्याज जातं. भाऊ, जे वाचेल त्याहून जे बुडेल ते जास्त आहे, आणि मुद्दल तर अजून मोजलंच नाही. सोन्यावर कर्ज काढलंत तर पहिल्याच वर्षी व्याज १९,२००. विक्रेत्याचे २० टक्के खरे मानले तर पैसे २८ महिन्यांत सुटतात, हे मान्य. पण ते २० टक्के कोणत्या बोटीवर, किती माणसं बसवून, कोणत्या वेगाला मोजले, हे त्यानं लेखी द्यावं. “घसारा दाखवून टॅक्स वाचेल” असंही तो म्हणाला आहे. तुमच्या उत्पन्नावर करच बसत नाही, मग वाचणार काय?

ट्यूबच्या राइडकडे मी जास्त आशेनं पाहिलं, कारण यंत्राचा खरा उपयोग ओढण्यातच आहे. तुम्ही माणशी २०० रुपयांत दहा मिनिटं असं लिहिलंय. ४० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन पूर्ण रेसला तासाला साधारण १५ लिटर पितं; जुनं टू-स्ट्रोक त्याहून जास्तच. ट्यूब ओढताना तुम्ही जवळपास पूर्ण रेसवर असाल. दहा मिनिटांचे अडीच लिटर, लिटरमागे १०५ धरले तर २६२ रुपये. एक माणूस ओढलात की पेट्रोलचेच ६२ रुपये खिशातून गेले. दोघांना बसवून ४०० घेतले तर १३८ उरतात, त्यातून ट्यूब, दोरी, आणि मागे तोंड करून बसणारा एक जादा माणूस भागवायचा. तो माणूस हवाच. चालकानं पुढे बघायचं, त्यानं मागे. १३८ च्या हिशेबानं फक्त यंत्राची किंमत भरायला ११६० फेऱ्या लागतील. महाशिवरात्रीला मुक्ताईच्या आणि चांगदेवाच्या दर्शनाला येणारी माणसं आजीला हात धरून बोटीत चढवतात. त्यांच्यातून ट्यूबवर कितीजण बसतील, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता.

शिवाय तुमचं पाणी हे हतनूर धरणाच्या फुगवट्याचं. पूर्णेचा गाळ तिथं वर्षानुवर्षं साचतो आहे, उन्हाळ्यात पातळी उतरली की काल खोल होतं तिथं आज पंखा घासतो. अशा जागी माणूस मागे बांधून भरधाव जायचं, तर आधी रस्ता बांबूनं तपासून घ्यावा लागेल. आणि दरवाजे उघडल्यावर पाण्याला ओढ लागते, तेव्हा आणखी एक अडचण. जीपीएस वेग मोजतं ते जमिनीच्या मानानं, पाण्याच्या मानानं नाही. धारेविरुद्ध जाताना यंत्राला वाटेल बोट मंद झाली, आणि ते रेस वाढवत नेईल. तुमचा हात हे ओळखतो.

अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ प्रमाणे नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा लागतोच. थ्रॉटलमध्ये असा बदल करण्याआधी विमा कंपनीला आणि बोट तपासणाऱ्या सर्व्हेअरला लेखी विचारा. न कळवता बदल केला आणि अपघात झाला, तर दावा नेमका त्याच मुद्द्यावर अडू शकतो. प्रवाशांच्या बोटीत हा धोका मी कुणालाच घेऊ देणार नाही.

आता तुमच्या ठेवीबद्दल, कारण मला खरी काळजी तिची आहे. पावसाळ्याचे चार महिने तुमची बोट बांधलेली असते. चार महिन्यांचा घरखर्च ८८,०००. जूनमध्ये मुलीची फी ४०,०००. म्हणजे १,२८,००० आधीच बोललेले आहेत. तुम्ही त्याला बचत म्हणता, पण ती पावसाळ्याची बेगमी आहे. दोन लाखांतले मोकळे फक्त ७२,०००. त्यातून १,६०,००० ची वस्तू घेणं म्हणजे जुलैत किराणा उधार आणणं. ज्या बोटीची इंजिनासकट विकायची किंमत तुम्हीच २,२०,००० सांगता, तिच्यावर एवढं घातलं तर विकताना त्यातलं फार थोडं परत येईल.

म्हणून आज यंत्र घेऊ नका. मिस्त्रीचं १८,००० चं काम आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गर्दीआधी उरकून घ्या. पंखा दुरुस्त करताना त्याला सांगा, नेहमीची माणसं बसवून पूर्ण रेस दिल्यावर इंजिन कंपनीनं सांगितलेल्या आरपीएमपर्यंत (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांपर्यंत) पोचतं का ते बघ. पोचत नसेल तर पंखा चुकीच्या मापाचा असू शकतो, आणि पेट्रोल तिथंही जातं. लाइफ जॅकेटांपैकी ज्यांचे पट्टे विरले असतील ती बदला. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालकाच्या मनगटाला रोज बांधलेली असू द्या.

काम झाल्यावर आठ दिवस वहीत लिहा: टाकीत किती घातलं, किती फेऱ्या, किती माणसं. लाल ठिपक्यावर चालवून. हे आकडे मला पाठवा. राइडला खरंच मागणी दिसली, दोघांच्या सहा-सात मिनिटांचे ६०० मिळायला लागले, तर यंत्राचा विचार पुन्हा करू, आणि तेव्हाही ते या इंजिनावर बसवायचं की नव्या फोर-स्ट्रोकवर, हे आधी ठरवू. फोर-स्ट्रोक कमी रेसला पेट्रोल बरंच कमी खातं, ऑइलही मिसळावं लागत नाही, आणि तुमचं बहुतेक काम कमी रेसचंच आहे. तुमच्या धंद्यात मोठी रक्कम घालायची झाली तर ती तिथं.

ठेव मोकळी झाली की बँकेत एक करा. ४०,००० ची एक पावती जूनच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपेल अशी. मग २२,००० च्या चार पावत्या, जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला एकेक मोकळी होणाऱ्या. मिस्त्रीचे १८,००० बचत खात्यात ठेवा. उरलेल्या ५४,००० ची एक वर्षाची पावती वेगळी करून तिच्यावर पेन्सिलीनं ‘इंजिन’ असं लिहा, आणि हंगामात वाचलेल्या पेट्रोलचे पैसे दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाकत चला. सोनं घरात आहे तिथंच राहू द्या.