जळगावात केळी व्यापाऱ्यांसाठी ॲप बनवतोय. पेमेंट गेटवेची की (गुप्त चावी) चुकून गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास जपणारं टूल) गेली, नंतर फाईल डिलीट केली. रेपो (कोडचा साठा) प्रायव्हेट आहे. एवढं पुरे का?

नाही भाऊ. आधी गेटवेच्या डॅशबोर्डवर जा, ती की रद्द करा आणि नवी बनवा. बाकी सगळं नंतर. फाईल डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये (गिटने जपलेल्या नोंदीत) की जशीच्या तशी असते, आणि ज्यांनी रेपो क्लोन (कॉपी) केली त्यांच्याकडेही. गिट फिल्टर-रेपो या टूलने इतिहास साफ करता येतो, पण की चालू असेपर्यंत त्या साफसफाईचा उपयोग नाही.

प्रायव्हेट रेपोच्या भरवशावर तर राहूच नका. २०१६ मध्ये उबरच्या प्रायव्हेट गिटहब रेपोत हल्लेखोरांना ॲमेझॉन क्लाउडची की मिळाली आणि सुमारे ५.७ कोटी लोकांची माहिती गेली.

आता महत्त्वाचं: ती की ॲपच्या कोडमध्येच लिहिली आहे का? एपीके (ॲपची इन्स्टॉल फाईल) कुणीही उघडून वाचू शकतो. सिक्रेट की फक्त सर्व्हरवर हवी. पेमेंटची ऑर्डर सर्व्हरने तयार करावी, ॲपला फक्त ऑर्डर आयडी द्यावा. रावेर-सावद्याच्या व्यापाऱ्याचे पैसे यातून फिरणार आहेत, इथे आळस नको.

सर्व्हरवर की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये) ठेवा. लॅपटॉपवर अशी सेटिंग ज्यात असते त्या .एन्व्ह फाईलचं नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाईलींची यादी) टाका आणि लॅपटॉपवर टेस्ट की (खरे पैसे न फिरवणारी) वापरा. गिटलीक्स (कोडमधल्या गुप्त की शोधणारं टूल) प्री-कमिट हुकला (कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी) जोडलं तर अशी चूक बहुतेक वेळा कमिटच्या आधीच अडते. जोडीदाराला की द्यायची तर व्हॉट्सॲपवर नको, बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमधून द्या.

आणि की रद्द केल्यावर गेटवेचे मागचे व्यवहार, विशेषतः रिफंड, एकदा नीट तपासा.