सुंता, खतना की अंगछेद?

चोपड्याच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : मुलींचं जननांग कापण्याच्या प्रथेविरुद्ध ६ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय दिन पाळतात, त्याची बातमी एका वर्तमानपत्रात 'स्त्रियांची सुंता' अशी आली, दुसऱ्यात 'खतना', तिसऱ्यात 'जननेंद्रिय विच्छेदन'. मुलींना फळ्यावर कुठला शब्द लिहून द्यावा?

'सुंता' मुळीच नको. हा शब्द अरबी 'सुन्नत'वरून आला, म्हणजे पैगंबरांचा परिपाठ. मुलीसाठी तो वापरला की दोन गैरसमज पक्के होतात : हे मुलाच्या सुंतेसारखंच किरकोळ, आणि हे एकाच धर्माचं. मुलाच्या लिंगाच्या टोकाची कातडी काढतात. मुलीची भगशिश्निका (क्लिटोरिस), कधी योनीचे ओठही कापतात, सोमालियात तर पुष्कळदा उरलेलं शिवून टाकतात. पुढे लघवीचा त्रास, अडलेलं बाळंतपण. कुराणात याचा उल्लेख नाही. इजिप्त-इथिओपियातल्या ख्रिस्ती घरांतही हे चालत आलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ मध्येच 'सुंते'च्या जागी 'अंगभंग' या अर्थाचा शब्द सुचवला, तो याचसाठी. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे अशा २३ कोटींहून अधिक मुली-बायका आज हयात आहेत.

'खतना'ही अरबीच, पण तो सोसलेल्या बाईच्या तोंडचा आहे. दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथातल्या बायका 'खतना' किंवा 'खफ्ज' म्हणतात. सातेक वर्षांच्या मुलीवर तो होतो. याविरुद्ध आवाजही बोहरा बायकांनीच उठवला. त्यांचं बोलणं लिहिताना त्यांचाच शब्द ठेवावा. आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही. ही प्रथा बंद करा, अशी मागणी करणारी २०१७ ची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवली.

'विच्छेदन' ऐकलं की शव आठवतं. ही तर जिवंत पोर.

मला जास्त सलतं ते 'भगशिश्निका'. बाईच्या अवयवाला नाव दिलं, तेही पुरुषाच्या अवयवावरून! माझी आजी अमळनेरकडची सुईण. ती नुसतं 'अंग' म्हणे. गर्भाशय खाली उतरलं की 'अंग बाहेर आलं' असं आपल्या बायका अजूनही म्हणतात. त्या शब्दात लाज नाही, शिवी नाही. म्हणून फळ्यावर 'स्त्री-जननांगछेद' लिहा, आणि खाली कंसात 'अंग कापणं'. मागच्या बाकावरच्या पोरीला तरीही उमगलं नाही, तर अहिराणीत सांगा : आंडेरनं (मुलीचं) आंग कापतस.