सत्तावीस चोक किती, हे आता विचारू नका

प्रश्न : आमच्या ह्यांचं वाईत किराणा दुकान आहे, वय ५८. दोन वर्षांपासून ते अबोल झाले होते, उधारीची वही उघडायचे नाहीत. आम्ही म्हटलं, वैराग्य आलं. मग फिट आली आणि कपाळामागे डावीकडे लिंबाएवढी गाठ निघाली, मेनिंजिओमा म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ. दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं. गाठ साधी आहे म्हणाले. ऑपरेशनआधी एका मॅडमनी चाचण्या घेतल्या होत्या : उलटे आकडे, प्राण्यांची नावं, घड्याळ काढा. आता परत बोलावलंय. हे म्हणतात, ‘मी काय बालवाडीत आहे?’ चिडचिड फार वाढलीय. दोन गिऱ्हाइकं एकदम आली की हिशेबात गोंधळतात. ऑपरेशनने बुद्धी गेली का?
– एक वाचक, वाई

उत्तर : ताई, त्या मॅडमचंच काम मी रोज करते, त्यामुळे ‘बालवाडी’ माझ्या ओळखीची आहे.

तुम्ही ज्याला वैराग्य म्हणालात, ती बहुधा गाठच होती. ही गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि मेंदूच्या पुढच्या भागावर दाब पडला की माणसाचं आपणहून काही करायला घेणंच कमी होतं. म्हणजे बरंचसं आधीच बिघडलं होतं. म्हणून तर ऑपरेशनआधीच्या चाचण्यांचा तो कागद मोलाचा. माझ्याकडच्या एका शेतकरी काकांनी तेव्हा मिनिटभरात पाच प्राणी सांगितले : गाय, म्हैस, बैल, शेळी, कुत्रा. मग पुन्हा गाय. चार महिन्यांनी चौदा झाले, त्यात एक पाणघोडा! (तो कुठून आला, त्यांनाही ठाऊक नाही.) पहिला कागद नसता, तर चौदा हे चांगले की वाईट, मला कळलं नसतं.

एकाचा हिशेब डोक्यात धरून दुसऱ्याचं ऐकणं हे नेमकं मेंदूच्या त्याच पुढच्या भागाचं काम. ऑपरेशननंतरची सूज, थकवा आणि औषधं यांमुळे दोन महिन्यांत ते रुळावर येईलच असं नाही. पुढचे कित्येक महिने सुधारणा होत राहू शकते. सगळं पूर्ववत होईल असं मात्र मी लिहून देणार नाही.

चिडचिडीचं डॉक्टरांना जरूर सांगा. फिटसाठी लेव्हेटिरासेटाम चालू असेल, तर तिच्यानेही काहींचा स्वभाव तापट होतो. पण गोळी आपल्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. डोकेदुखी वाढली, गुंगी आली, ताप आला किंवा टाक्यांतून पाणी आलं, तर तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

दुकानात बसू द्या, पण दुपारी, गर्दी नसताना. शेजारी कॅल्क्युलेटर ठेवा, गल्ल्यावर कुणीतरी सोबत असू द्या. आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांनी ‘सत्तावीस चोक किती?’ विचारणं आधी बंद करा. तो उपचार नाही, छळ आहे.

चाचणीसाठी सकाळची वेळ मागून घ्या. प्राण्यांची उजळणी करून आणू नका, मला लगेच कळतं. चष्मा मात्र विसरू नका. वाकडी निघालेली निम्मी घड्याळं घरी राहिलेल्या चष्म्यांची असतात.