लोकल बंद पडल्या तर परळहून मुलुंडला चालत जावं का?

तुमचं ऑफिस परळला, घर मुलुंडला. मुसळधार पावसात गाड्या बंद पडल्या तर तिघं-चौघं मित्र मिळून चालत निघावं का, किती वेळ लागेल आणि रस्ता कुठला धरावा, असं तुम्ही विचारलंय. नेमकी हीच वाट मी २६ जुलै २००५ ला चालले आहे, म्हणून लिहायला बसले.

वेळेचं आधी सांगते. अंतर साधारण २३ किलोमीटर. कोरड्या रस्त्यावर पाच-साडेपाच तासांत होईल. आम्ही संध्याकाळी पाचला परळहून निघालो आणि पहाटे साडेतीनला नवघर रोडला पोचलो. साडेदहा तास.

आम्ही चौघं होतो. ऑफिसात आमची ओळख नावापेक्षा स्टेशनावरूनच व्हायची. मुलुंड म्हणजे मी, तेव्हा सत्तावीस वर्षांची. भांडूपच्या ताई पन्नाशीच्या, डायबेटिसवाल्या. विक्रोळी आणि कुर्ला ही दोन मुलं माझ्याच वयाची. घरी माझी चौदा महिन्यांची लेक सासूबाईंजवळ होती आणि आमचं घर तळमजल्यावर. दुपारी तीनला एकदाच लँडलाइनवर फोन लागला. "पाणी दुसऱ्या पायरीला आलंय" एवढं सासूबाई म्हणाल्या आणि फोन बंद पडला. त्यानंतर मोबाइल नाही, काही नाही. तान्हं मूल घरी टाकून मी निघाले याचा शहाणपणा-मूर्खपणा मला कोणी शिकवू नये. मी निघणारच होते.

पण एक गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती, आणि ती तुम्ही डोक्यात पक्की ठेवा. आमच्या खिडकीतून दिसणारा पाऊस दरवर्षी दोन-तीनदा पडतो तसाच होता. त्या २४ तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर पाऊस झाला आणि सांताक्रूझला ९४४. एकाच शहरात! त्यात दुपारी चारच्या सुमाराला भरती, ४.४८ मीटरची. विहार आणि पवई तलावांचं पाणी घेऊन मिठी नदी कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीला जाते. खाडीच तुडुंब असल्यावर नदीने जायचं कुठे? ती कुर्ला-कलिन्यात पसरली. हे सगळं आम्हाला दोन दिवसांनी पेपरात कळलं. निघताना आम्ही फक्त "सायनपर्यंत पाणी असेल, पुढे हायवे मोकळा" एवढाच हिशेब केला होता.

दादर टीटीपर्यंत घोट्याएवढं पाणी. किंग्ज सर्कलला मांडीपर्यंत, गांधी मार्केटपाशी माझ्या कमरेच्या वर. तिथे आम्ही माझी ओढणी चौघांच्या मनगटांना वेढून घेतली आणि एकामागे एक चाललो. सगळ्यांत पुढे विक्रोळी, हातात साहेबांची लांब दांड्याची जुनी छत्री. पाऊल टाकायच्या आधी छत्रीचं टोक खाली आपटायचं. टक् असा आवाज आला की पाऊल. आवाज नाही आला की तो हात वर करायचा आणि आम्ही तिघं जागच्या जागी उभे. तीनदा त्याने हात वर केला. तिसऱ्यांदा तर छत्री मुठीपर्यंत आत गेली. त्या जागेवर पाणी हळूहळू गोल फिरत होतं आणि मधोमध चपलेचा एक जोड घुमत होता. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून गेलेलं नाही. २०१७ च्या २९ ऑगस्टला डॉ. दीपक अमरापूरकर गाडीतून उतरून चालत घरी निघाले आणि एल्फिन्स्टनजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, ती बातमी वाचली तेव्हा मला आधी ती चप्पल आठवली.

सायन सर्कलला साडेसात वाजले असतील. तिथून हायवे, म्हणजे पूर्व द्रुतगती मार्ग, उजवीकडे. कुर्ला म्हणाला, "मी इथून कटतो. आई एकटी आहे. एलबीएसने (लाल बहादूर शास्त्री मार्गाने) अर्ध्या तासात घरी." ताई म्हणाल्या, "अरे, थांब जरा, त्या बाजूला जाणारं कोणी भेटतंय का बघू." तेवढ्यात त्याने ओढणीतून हात सोडवला आणि सायन स्टेशनच्या पुलाकडे चालायलासुद्धा लागला. निळा रेनकोट गर्दीत थोडा वेळ दिसला.

आम्ही तिघं हायवेने पुढे. चुनाभट्टी, अमर महाल, छेडानगर. हायवे उंचावर असल्यामुळे तो खरंच बराचसा चालण्यासारखा होता, पण दिवे नव्हते. बंद पडलेल्या ट्रकच्या हेडलाइटमध्ये जेवढं दिसेल तेवढंच. माणसं मात्र हजारोंनी, जत्रेला निघाल्यासारखी. ताईंनी नियम घातला होता, दर विसाव्या खांबाला दोन मिनिटं बसायचं. मला घाई होती, मी एकदा चिडलेसुद्धा. "तू पळत गेलीस तर कदाचित पोचशील, मी नक्की नाही पोचणार," असं त्या शांतपणे म्हणाल्या. मग मी खांब मोजायला लागले.

घाटकोपरला वस्तीतली पोरं पातेल्यातून चहा आणि पार्ले-जी वाटत होती. ताईंना चक्कर येत होती, ती त्या बिस्किटांनी थांबली. आणि बायकांच्या ज्या अडचणीबद्दल अशा उत्तरांत कोणी लिहीत नाही ती मी लिहिते: दुपारपासून आम्ही दोघी बाथरूमला गेलो नव्हतो. पंतनगरच्या एका बाईने, ओळख ना पाळख, आम्हाला हाताला धरून घरात नेलं, मेणबत्ती दिली, टॉवेल दिला, ताईंना स्वतःचे कोरडे मोजे दिले. तुमच्यात मुली असतील तर हा विचार निघायच्या आधी करा.

कन्नमवार नगरला विक्रोळीचं घर हायवेला लागूनच. रात्रीचा एक वाजून गेला होता. तो वर गेला, वडिलांना सांगितलं, बॅटरी घेतली आणि खाली आला. "चला," म्हणाला. स्वतःचं घर, गरम जेवण समोर असताना तो मुलुंडपर्यंत आमच्याबरोबर आला. ताईंनाही मी माझ्याच घरी नेलं, कारण अंधारात रूळ ओलांडून भांडूप पश्चिमेला जाणं शक्य नव्हतं. लेक पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गाढ झोपली होती.

आता कुर्ला. कल्पना टॉकीजच्या अलीकडे पाणी त्याच्या छातीपर्यंत चढलं. एका बंद बसच्या खिडकीचा गज धरून तो दोन तास उभा होता. शेवटी एका चाळीतल्या लोकांनी दोरी टाकून त्याला पहिल्या मजल्यावर ओढून घेतलं. आईकडे तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. ती शेजारच्या पोटमाळ्यावर सुखरूप होती. दहा दिवसांनी त्याला ताप भरला. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून होणारा आजार. डोळे पिवळे, किडन्यांवर सूज, सोळा दिवस हॉस्पिटल. वाचला.

पण तेव्हापासून तो एकच वाक्य म्हणतो: "विक्रोळी तुम्हाला सोडायला मुलुंडपर्यंत गेला, मला सोडायला कुर्ल्यापर्यंत कोणी आलं नाही." लग्नात म्हणतो, बारशात म्हणतो. विक्रोळी गप्प बसतो. ताई होत्या तोवर त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या. मी गप्प बसत नाही. ताई पाच फुटांच्या. त्या रस्त्यावर त्यांच्या गळ्याशी पाणी आलं असतं. आम्ही चौघं तिकडे गेलो असतो तर चाळीतल्या लोकांना चौघांसाठी दोऱ्या टाकाव्या लागल्या असत्या, आणि ताई तिथवरही पोचल्या नसत्या.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. घरी कोणी तुमच्यावर अवलंबून नसेल तर निघू नका. ऑफिसात वरचा मजला आहे, बाथरूम आहे, पाणी आहे, रात्र काढा. निघायचंच असेल तर भरती-ओहोटीची वेळ बघा, ओहोटी लागल्यावर निघा. १९१६ वर पालिकेच्या कंट्रोल रूमला फोन करून ज्या भागांतून जायचंय तिथली स्थिती विचारा. तुमच्या भागातल्या पावसावर जाऊ नका. पूर्व द्रुतगती मार्ग धरा, एलबीएस नको. रस्त्याच्या कडेने न चालता दुभाजकाला धरून चाला. चपला काढू नका. विजेचा खांब, पेटी, लोंबणारी वायर यांना हात लावू नका. कोणी गाडीत बसायला बोलावलं आणि पाणी चढत असेल तर बसू नका, त्या दिवशी काच-दरवाजे अडकून गाडीतच माणसं गेली. आणि चौघं निघालात तर कोण कुठे वेगळा होणार हे ऑफिसातच ठरवा. ज्याची वाट पाण्यातून आहे त्याने सरळ दुसऱ्याच्या घरी जायचं, हे त्याच्याकडून निघायच्या आधी कबूल करून घ्या. ऐन रस्त्यात, आई एकटी असलेल्या माणसाला कोणी अडवू शकत नाही.

हे २००५ चं आहे, आता मेट्रो आहे, मोबाइलवर इशारे येतात, हे मान्य. पावसाच्या पाण्यातून चालून आलात, त्यातही पायाला जखम असेल, तर पोचल्यावर लगेच, फार तर तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन ही गोळी देतात, पण गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती चालत नाही, म्हणून मनाने घेऊ नका. आमच्या कुर्ल्याला हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. त्याची खरी चूक झाली असेल तर मला वाटतं तीच, कारण आईकडे जाण्यात काही चूक नव्हती.

आणि तो हे वाचणार आहे, म्हणून त्याच्यासाठी: सायनला तू "येता का?" असं विचारलं नव्हतंस. विचारलं असतंस तर विक्रोळी आला असता. त्याने मला त्याच रात्री, भांडूपच्या अलीकडे, तसं सांगितलं होतं.