ठाण्यात पावसाळ्यानंतर जुन्या मोटारसायकलचा पुढचा डिस्क ब्रेक लिव्हर सोडल्यावरही चिकटून राहतो, काय करावे?

कॅलिपर (डिस्कला पॅडने पकडणारा भाग) उतरवून पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) आणि स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो) स्वच्छ करा, कारण अडथळा बहुधा तिथेच असतो. उतरवण्याआधी खात्रीसाठी पुढचे चाक उचला, लिव्हर दाबून सोडा आणि चाक अडलेले असतानाच ब्लीड निपल (कॅलिपरवरचा ऑइल सोडायचा स्क्रू) किंचित सैल करा: चाक लगेच मोकळे झाले, तर दाब मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळचा, ऑइलला दाब देणारा भाग) परतीच्या बारीक छिद्रात किंवा आतून फुगलेल्या होजमध्ये (ऑइलच्या नळीत) अडकतो आहे, जडच राहिले, तर दोष कॅलिपरचा. ब्रेक ऑइल ओलावा शोषते, त्यामुळे खाडीकाठच्या दमट हवेत जुन्या ऑइलने गंज लवकर धरतो. ते दर 2 वर्षांनी बदलावेच. पेट्रोलने किंवा साध्या ग्रीसने रबरी सील फुगतात, म्हणून पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा. मात्र पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसले, तर घासत बसू नका. पिस्टन व सील नवेच बसवा.