थीम बदलली, तरी जुन्या कर्नलवर जुनंच चित्र का दिसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लिनक्सची उबंटू २२.०४ ही प्रणाली, डिस्क लक्सने (लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनच्या पद्धतीने) एन्क्रिप्ट केलेली, मशीनवर दोन कर्नल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या दोन आवृत्त्या. रोजच्या वापराला ६.८ आणि एका जुन्या साउंडकार्डासाठी मुद्दाम जपलेला ५.१५. मशीन सुरू आणि बंद होताना चित्र दाखवणाऱ्या प्लिमथ या प्रोग्रामची नवी थीम तुम्ही लावलीत. ६.८ निवडला की पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यावर नवं चित्र येतं, ५.१५ निवडला की जुनंच. पण ५.१५ वर असतानाही मशीन बंद करताना मात्र नवं चित्र दिसतं, आणि त्यामुळे थीम नीट लागली आहे की नाही हेच तुम्हाला कळेना.

थीम नीट लागली आहे. बंद होतानाचं तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे, कारण सगळं उत्तर त्यातच आहे.

मशीन सुरू होताना पासवर्ड विचारला जातो तेव्हा तुमची खरी डिस्क अजून उघडलेलीच नसते. त्यामुळे /यूएसआर/शेअर/प्लिमथ/थीम्स या फोल्डरमधलं चित्र तिथपर्यंत पोचणार कसं? म्हणून कर्नल आपली शिदोरी सोबत घेऊन निघतो. ती शिदोरी म्हणजे इनिटरॅमएफएस, /बूटमधली ‘इनिटआरडी’ने सुरू होणारी फाइल. डिस्क उघडण्याची साधनं, लागणारे ड्रायव्हर, प्लिमथ आणि त्याच्या थीमची चित्रं असं सगळं तिच्यात आधीच बांधून ठेवलेलं असतं. आणि प्रत्येक कर्नलची शिदोरी वेगळी असते. तुम्ही स्वयंपाकघरात पदार्थ बदललात, पण नव्याने बांधली गेली ती एकट्या ६.८ ची शिदोरी. ५.१५ ची गाठ कुणी सोडलीच नाही, म्हणून तो अजून जुनंच घेऊन निघतो.

मशीन बंद होताना उलट असतं. तेव्हा डिस्क उघडी असते, प्लिमथ थेट तिच्यावरून चालतो आणि थीमही तिथूनच वाचतो. म्हणून कुठलाही कर्नल चालू असो, निरोपाचं चित्र नवं. सुरू होताना जुनं आणि बंद होताना नवं असं दिसलं, की त्या कर्नलचा इनिटरॅमएफएस शिळा आहे असं समजावं. याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

आता एकच का बांधली गेली? पुढे आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिते, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाइप करा. तुम्ही बहुधा ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ज --कॉन्फिग डिफॉल्ट.प्लिमथ’ने थीम निवडलीत आणि मग ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवलंत. बहुतेक ठिकाणी एवढंच लिहिलेलं असतं. पण -यू च्या जोडीला कर्नलचं नाव दिलं नाही, तर ही आज्ञा फक्त सर्वांत नव्या आवृत्तीला हात लावते. तुम्ही त्या वेळी ५.१५ वर बसून ती चालवली असती, तरीही बदललं असतं ते ६.८ चंच. चालू कर्नल आणि नवा कर्नल यांतली ही गल्लत फार जणांची होते.

सगळ्या कर्नलसाठी एकदम करायचं तर ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’. एका ठरावीक कर्नलसाठी ऑलच्या जागी त्याची पूर्ण आवृत्ती लिहायची. ‘यूनेम -आर’ जी छापतं तीच, शेवटच्या जेनेरिकसकट.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपतं. तरी -के ऑल लगेच चालवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. का, ते सांगते.

मी एका शाळेच्या संगणक खोलीची देखभाल करते. दोन वर्षांपूर्वी मुलांनी शाळेच्या बोधचिन्हाचं सुंदर चित्र काढलं आणि ते मशीन सुरू होताना दिसावं असं सगळ्यांनाच वाटलं. मी प्लिमथच्या स्क्रिप्ट प्रकारातली थीम लिहिली. घरच्या मशीनवर ती छान चालली, कारण घरची डिस्क एन्क्रिप्ट केलेली नव्हती. शाळेच्या कार्यालयातल्या मशीनवर मुलांची माहिती असल्यामुळे तिथली डिस्क मात्र एन्क्रिप्टेड. तिथे मी -के ऑल चालवून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयातून फोन आला, की पडद्यावर बोधचिन्ह आहे आणि मशीन पुढे सरकत नाही.

मशीन अडकलं नव्हतं. ते पासवर्डची वाट बघत होतं. स्क्रिप्ट प्रकारच्या थीममध्ये पासवर्डचा चौकोन कसा दाखवायचा हे आपणच लिहावं लागतं. त्यासाठी ‘प्लिमथ.सेटडिस्प्लेपासवर्डफंक्शन’ हे फंक्शन आहे. मी ते लिहिलंच नव्हतं. त्यामुळे प्रश्न विचारला जात होता, पण दिसत नव्हता. आणि तीच थीम तिन्ही कर्नलच्या शिदोऱ्यांत मी स्वतःच्या हाताने बांधली होती. जुना कर्नल निवडून बघा, असं फोनवर सांगितलं, तर तिथेही तेच चित्र.

अशी वेळ तुमच्यावर आली तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक, एस्केप दाबा. प्लिमथ चित्र बाजूला सारून अक्षरांचा पडदा दाखवतो आणि पासवर्डची ओळ समोर येते. दुसरी, ग्रबच्या (सुरुवातीला कर्नल निवडायला देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत कर्नलवर उभं राहून ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून ‘क्वाएट स्प्लॅश’ हे दोन शब्द काढा आणि कंट्रोल-एक्स दाबा. तेवढ्या एका खेपेपुरतं मशीन चित्राविना सुरू होतं. ग्रबची यादी दिसतच नसेल तर नव्या यूईएफआय मशीनवर सुरुवातीला एस्केप, जुन्या बायॉसवर शिफ्ट. आम्ही एस्केपनेच सुटलो, पण शाळेचा दाखल्यांचा दिवस होता आणि बाहेर पालक ताटकळत होते. ते मी विसरलेले नाही.

तेव्हापासून मी कर्नल एकेक करून बदलते, आणि तुम्हीही तसंच करा. आधी फक्त रोजचा कर्नल, पूर्ण आवृत्ती लिहून. मशीन पुन्हा सुरू करून पासवर्डचा चौकोन दिसतो का, टाइप केल्यावर ठिपके उमटतात का, चुकीचा पासवर्ड दिला तर तो परत विचारतो का, हे डोळ्यांनी बघायचं. मगच दुसरा. तुमचे दोनच कर्नल आहेत, म्हणजे ५.१५ हीच तुमची अडचणीची वाट आहे. तिची शिदोरी सर्वांत शेवटी उघडायची, आणि खरं विचाराल तर चित्रासाठी उघडूच नये असं मला वाटतं. पण तुम्ही साउंडकार्डासाठी तो कर्नल वरचेवर वापरता, त्यामुळे तुमचा हट्टही समजू शकते. मग निदान एक करा: ६.८ वर आठवडाभर नवी थीम वापरा आणि मग ५.१५ कडे वळा.

बदल खरंच झाला का हे मशीन बंद-चालू न करताही कळतं. ‘एलएसइनिटरॅमएफएस’ हा शब्द सलग लिहा, पुढे त्या कर्नलच्या इनिटआरडी फाइलचा पत्ता द्या आणि आलेल्या यादीतून ग्रेप या शोधाच्या आज्ञेने प्लिमथ शोधा. तुमच्या थीमचं नाव दिसलं की ती आत आहे.

जागेचं बघा. एन्क्रिप्टेड इन्स्टॉलेशनमध्ये /बूट वेगळ्या विभागात असतं आणि जुन्या मशीनवर ते लहान असतं. आमच्याकडे ५१२ एमबी आहे आणि एकेक इनिटआरडी ७० एमबीच्या पुढे जाते. नवी फाइल आधी ‘.न्यू’ शेपटीने शेजारीच लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावर जुनीची जागा घेते, म्हणजे त्या क्षणी दोन्हींना पुरेल एवढी जागा लागते. जागा संपली तर जुनी फाइल शाबूत राहते, तेवढं बरं, पण त्याच वेळी एखादं पॅकेज अपडेट होत असेल तर ते अर्धवट लटकतं. म्हणून आधी ‘डीएफ -एच /बूट’ बघा आणि नको असलेले कर्नल काढून टाका. मात्र ‘ऑटोरिमूव्ह’ (नको असलेली पॅकेजं आपोआप काढणारी आज्ञा) तुमचा ५.१५ उचलून नेऊ नये म्हणून त्याच्या इमेज आणि मॉड्यूल्सच्या पॅकेजांवर ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ करून ठेवा.

काही जण /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/अपडेट-इनिटरॅमएफएस.कॉन्फ मध्ये ‘यस’चं ‘ऑल’ करायला सांगतात, म्हणजे पुढे प्रत्येक वेळी सगळे कर्नल आपोआप बांधले जातील. मी ते करत नाही. इनिटरॅमएफएस फक्त थीमसाठी बांधला जात नाही; प्रोसेसरचा मायक्रोकोड, हार्डवेअरचं फर्मवेअर, एन्क्रिप्टेड डिस्क उघडणारं क्रिप्टसेटअप यांची अपडेटं आली की तोही नव्याने बांधला जातो. त्यातलं एखादं बिघडलेलं निघालं तर जुना कर्नल त्यापासून लांब राहिलेला बरा.

५.१५ ची शिदोरी नवी बांधूनही चित्र आलंच नाही, नुसती अक्षरं आली, तर दोष बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा. एनव्हिडियाचा ड्रायव्हर डीकेएमएस या साधनामार्फत प्रत्येक कर्नलसाठी वेगळा बांधावा लागतो, आणि त्या कर्नलची हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) बसवलेली नसली तर तो बांधलाच जात नाही. ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये दोन्ही आवृत्त्या दिसायला हव्यात. आणि ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधल्या रिकव्हरीच्या नोंदीत चित्र दिसत नाही, ते तसंच असायला हवं. तिथे ‘स्प्लॅश’ शब्द नसतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हरला थोपवणारा ‘नोमोडसेट’ असतो. तिला सजवायच्या भरीला पडू नका.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सचंही तुम्ही ओझरतं विचारलंय. प्लिमथ मुळात तिथलाच, २००८ च्या नोव्हेंबरात फेडोरा १० बरोबर आला. उबंटूने तो २०१० मध्ये १०.०४ पासून घेतला. फेडोरावर ‘प्लिमथ-सेट-डिफॉल्ट-थीम’ पुढे थीमचं नाव आणि मोठा ‘-आर’ दिला की ड्रॅकट हे तिथलं साधन शिदोरी बांधतं, पण ती चालू कर्नलची, सर्वांत नव्याची नव्हे. उबंटूहून हा फरक लक्षात ठेवा. सगळ्यांसाठी ‘ड्रॅकट --रीजनरेट-ऑल --फोर्स’. तिथली रेस्क्यूची (अडचणीच्या वेळी वापरायची) नोंद यातूनही वगळली जाते आणि ते योग्यच आहे. शिवाय फेडोरावर ‘ग्रबी’ या आज्ञेने एकाच कर्नलच्या ओळीतून ‘आरएचजीबी क्वाएट’ (तिथले ‘क्वाएट स्प्लॅश’) काढता येतं, बाकीचे तसेच ठेवून. उबंटूच्या /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये लिहिलेलं सगळ्या कर्नलना सारखंच लागू होतं. एका कर्नलला वेगळं हवं तर ४०_कस्टम या फाइलमध्ये त्याची स्वतंत्र नोंद लिहावी लागते, आणि तो कर्नल काढला की ती नोंदही हाताने पुसावी लागते.

तुमच्या थीममध्ये मराठी अक्षरं घालायची आहेत असं शेवटी म्हटलंय. ती अक्षरं थीमकडून लिहून घेऊ नका, चित्रातच काढा. शिदोरीत फाँट मोजकेच असतात, आणि तिथे नेहमी सापडणाऱ्या डेजाव्हू सॅन्समध्ये देवनागरी नाहीच. नावाच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. मी शाळेचं नाव इंकस्केपमध्ये लिहिलं, जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसल्या आहेत हे पाहिलं आणि पारदर्शक पीएनजी करून थीममध्ये टाकलं. ते प्रत्येक कर्नलवर अगदी सारखं दिसतं. पासवर्डच्या चौकोनाला खाली मोकळी जागा सोडा, आणि लहान पडद्याच्या लॅपटॉपवर चित्र त्याच्यावर चढत नाही ना हे एकदा बघा.

५.१५ वर काय झालं ते इथेच कळवा. डीकेएमएसमध्ये अडलं तर ‘डीकेएमएस स्टेटस’ने छापलेलं सगळं चिकटवा, मी बघते.